औषधांचे पाणी आणि नदीतले मासे



आज मी आपल्यासमोर उजनीच्या पाण्याविषयी चार शब्द बोलणार आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा व कर्जत या तालुक्यांत पसरला. लोणी देवकरच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर हे पाणी आहे. चिलापी, कटला, रोहू, मरळ यांवर कितीतरी कुटुंबांची चूल पेटते. भिगवणचा मासळी बाजार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पण याच धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांचे सांडपाणीही मुळा-मुठेतून आणि भीमेतून येऊन पोहोचते.

सांडपाणी म्हटले की आपल्याला घाण, दुर्गंधी आणि जलपर्णी आठवते. डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट त्यात असते, ती म्हणजे औषध. आपण गोळी घेतो, तेव्हा ती सगळीच शरीरात जिरत नाही. तिचा काही भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. शुद्धीकरण केंद्रे मुख्यतः मैला कुजवून पाणी स्वच्छ करण्यासाठी बांधलेली असतात. अनेक औषधांचे अंश त्यांतून पार होऊन नदीत जातात.

एवढ्याशा अंशाने काय होणार, असे कोणी विचारील. कॅनडातील शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात एका लहान तलावात संतती-प्रतिबंधक गोळीतले संप्रेरक सोडून पाहिले. प्रमाण किती? एका लिटरला ग्रॅमचे पाच-सहा अब्जांश भाग! तरीही नर माशांच्या शरीरात अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, काही नरांच्या वृषणांत अंडी आढळली आणि एका लहान जातीचा मासा तलावातून जवळजवळ नाहीसा झाला. औषध सोडणे थांबवल्यावर काही वर्षांनी तो पुन्हा वाढला, ही त्यातली समाधानाची बाब.

स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले की, चिंता कमी करणाऱ्या एका औषधाच्या अंशाने पर्च जातीचे मासे अधिक धीट होतात आणि कळप सोडून फिरतात. कळप सोडलेला मासा शिकाऱ्याच्या तोंडी सहज पडतो, हे आपल्या कोळी बांधवांना सांगायला नको. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने ट्राउट माशांच्या मूत्रपिंडांना व कल्ल्यांना इजा होते, हेही प्रयोगांत दिसले आहे. याच औषधामुळे आपल्या देशातली गिधाडे मेली आणि २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.

कारखान्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या पाण्यात, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात औषधाला न जुमानणारे जंतू तगतात आणि वाढतात. म्हणजे प्रश्न माशांपुरता राहत नाही. उद्या आपले मूल आजारी पडले, तर त्याला दिलेले औषध लागू पडेल की नाही, हा तो प्रश्न आहे. आपल्याही गावी औद्योगिक वसाहत आहे. म्हणून हा विषय ऐकून सोडून देण्याचा नाही.

मग आपण काय करावे? पालकांना माझी विनंती की, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके आणू नयेत आणि सांगितलेला क्रम अर्धवट सोडू नये. उरलेल्या गोळ्या व बाटल्यांतली औषधे मोरीत, संडासात किंवा ओढ्यात ओतू नयेत. गाईला दगडी झाली, तरी औषध पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावे. ग्रामसभेत बसणाऱ्या मंडळींनी, पाण्याची तपासणी होताना औषधांचे अंशही तपासावेत, अशी लेखी मागणी करावी. विद्यार्थ्यांनी, आणि विशेषतः आपल्या मुलींनी, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मन लावून शिकावे. ही तपासणी करणारी माणसे आपल्याच तालुक्यातून का निघू नयेत?

वजूलासुद्धा पाणी जपून वापरावे, अशी शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. जपणे म्हणजे केवळ कमी सांडणे नव्हे. आपल्या हातून गेलेले पाणी पुढच्याला कोणत्या स्थितीत मिळते, हे पाहणेही त्यातच आले. उजनीच्या खाली सोलापूर शहर हेच पाणी पिते, याची आठवण ठेवावी.