करारनाम्यात नसलेली माणसं



कामगार कायद्याची परिषद त्वरिता देवीच्या या तलवाडा गावात भरली, याचं मला मनापासून समाधान आहे. गेवराई तालुक्यातून आणि साऱ्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. त्यांच्याबद्दल बोलायचं तर इथंच बोलावं.

मी व्यवस्थापनाच्या बाजूचा वकील. कंपन्या, कारखाने, त्यांचे कार्यकारी संचालक हे माझे पक्षकार. अधिकाऱ्यांची कामं निराळी असतात. वरिष्ठ व्यवस्थापक कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ नसतो, त्यामुळे कामगार न्यायालयाचं दार त्याला बंद असतं आणि नेमणूकपत्रातला शब्द न् शब्द मोलाचा ठरतो. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, ही अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढं टिकत नाही, हेही त्याला सांगावं लागतं. पण आज मला दुसऱ्याच एका कागदाबद्दल बोलायचं आहे.

ऊसतोडणी-वाहतुकीचा करारनामा आपण सगळ्या वकिलांनी पाहिला आहे, काहींनी लिहिलाही आहे. लिहून घेणार साखर कारखाना, लिहून देणार वाहतूकदार किंवा मुकादम. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती, ती फिटणार कशी, टोळी आली नाही किंवा फडातून पळाली तर वसुली कुणाकडून, सगळं बारकाईनं लिहिलेलं. ऊस तोडणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे थंडीत कोपीतून निघून बायको मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडी भरून देते. हिशेब मात्र नवऱ्याच्या नावावर.

पक्षकार म्हणतो, ऊस शेतकऱ्याचा, टोळी मुकादमाची, आमचा संबंध गाळपापुरता. हे ऐकून मसुदा पुढं सरकवणं सोपं आहे. पण तोडणीचा कार्यक्रम कोण ठरवतं? कारखान्याचा शेतकी विभाग. उचलीसाठी पैसा कोण उभा करतं? बहुतेक ठिकाणी कारखानाच. 1978 साली हुसेनभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून पाहिलं आणि ज्याच्या हाती कामगाराची उपजीविका, तोच मालक ठरवला. ते कामगार दोरखंडाच्या कारखान्यातले होते. तो विचार उसाच्या फडाला लागू पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नव्या कामगार संहिता आल्या. कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठी 1970 च्या मूळ केंद्रीय कायद्यात 20 माणसं लागत, नव्या संहितेत 50 लागतात. त्यामुळे ‘टोळी लहान ठेवली की सुटलो ना?’ हा प्रश्न येणारच. माझं उत्तर असं: ठेकेदाराची माणसं वेगळी मोजली, तरी आस्थापनेत कंत्राटानं राबणारी सगळी माणसं मोजावीच लागतात, आणि एका कोयत्याची दोन माणसं होतात. ठेकेदारानं मजुरी थकवली तर ती मूळ मालकानं द्यायची, हे 1970 च्या कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे.

उचलीबद्दल तर मी पक्षकाराला आणखी कडक सांगतो. आगाऊ पैशापोटी माणसाला अडकवून ठेवणं 1976 पासून वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हा आहे. किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेलं काम ही सक्तीची मजुरी, हे सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्येच सांगितलं. फडातून निघालेल्या मजुराला अडवून परत आणण्याबद्दल कुणी सल्ला विचारला, तर फी परत करावी आणि उठावं.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. ती वाढ बाईच्या हाती पोचायची तर आधी तिचं नाव कागदावर यायला हवं. पुढच्या हंगामाचे करार पावसाळ्यातच होऊ लागतात. त्यात आपण एवढं तरी घालू: प्रत्येक कोयत्यामागे दोन नावं, दोघांची वेगळी बँक खाती, उचलीच्या हिशेबाची प्रत मजुराच्या हातात, आणि फडातल्या अपघाताची जबाबदारी घेणाऱ्या कारखान्याच्या अधिकाऱ्याचं पद.