गाडीचा मालक कोण?

(वेळापूर येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वेळापूर हे रस्त्यावरचं गाव. आषाढी वारीत माउलींची पालखी इथे मुक्कामाला येते आणि दिवाळी सरली की उसाच्या गाड्यांची रांग लागते. अकलूज, सदाशिवनगर, श्रीपूर, आपल्या तालुक्यात कारखाने हाकेच्या अंतरावर. म्हणून दहा-बारा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला एक दिवस वाटतंच की आता स्वतःची गाडी घ्यावी, कारखान्याला लावावी. यात चूक काही नाही. पण त्या गाडीच्या कागदांवर तुमचीही सही असते, आणि आज मला त्या सहीबद्दल बोलायचं आहे.

माझ्याकडे आलेल्या एका बाईची हकिगत सांगते. नाव-गाव सांगत नाही. नवऱ्याने कर्ज काढून जुनी ट्रक घेतली आणि दुसऱ्या तालुक्यातल्या एका कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार केला. मजुरांसाठी त्याला उचल मिळाली. ती त्याने मुकादमाला दिली. ठरल्यापैकी निम्मेच कोयते आले, पुढे मुकादमही फिरकेनासा झाला. गाडी अर्धा हंगाम उभी राहिली. जे वाहतुकीचं बिल निघालं ते उचलीत वळतं झालं. हप्ते थकले, माणसं दारात आली आणि त्यांनी हाक मारली ती तिच्या नावाने. तेव्हा तिला कळलं की कर्जात ती सहकर्जदार आहे, उचलीला जामीनदार आहे आणि गाडीसुद्धा तिच्याच नावावर आहे. नवऱ्याचं जुनं कर्ज थकलेलं होतं, म्हणून तिचं नाव घातलेलं. ती मला म्हणाली, "ताई, मला वाटलं रेशनकार्डासारखंच काहीतरी असेल."

आपण नवऱ्याला मालक म्हणतो. गाडीचे मालकही तेच, असं सगळा गाव समजतो. पण मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. सर्वोच्च न्यायालयानेही 2018 साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी प्रत्यक्षात पुढे विकली गेली असली, तरी नोंदणी बदललेली नसेल तर अपघाताची भरपाई नोंदणीतल्या मालकाने द्यायची. म्हणजे विमा संपला असताना अपघात झाला तर नोटीस येणार तुमच्या नावाने. पैशाच्या वेळी मालक ते आणि नोटिशीच्या वेळी मालक तुम्ही, हा कुठला न्याय?

आता विम्याचं बघा. गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी अपघात विमा असतो. 2018 पासून त्याची रक्कम पंधरा लाख झाली. पण तो मिळतो नोंदणीतल्या मालकाला, आणि त्याच्याकडे चालू लायसन असेल तर. गाडी तुमच्या नावावर आणि चालवणार ते, असं असेल तर त्यांच्या मृत्यूनंतर हा विमा तुमच्या कामी येत नाही. तेव्हा चालकासाठी वेगळा विमा उतरवला आहे का, नवरा त्यात बसतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. गाडी त्यांच्या नावावर असेल तर आरसी बुकात नॉमिनी म्हणून तुमचं नाव घाला. 2021 पासून तशी सोय आहे. मालक गेला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. दुःखात हे दिवस निघून जातात, म्हणून आधी सांगून ठेवते.

सही करण्यापूर्वी आणखी काय विचारायचं?

पहिलं, करार. दर किलोमीटरच्या कोणत्या टप्प्याला किती, बिलातून काय काय कापणार, अनामत कधी परत मिळणार? आणि सर्वांत महत्त्वाचं, टोळी आली नाही तर उचल कोणाच्या डोक्यावर? बहुतेक करारांत ती गाडीवाल्याच्याच डोक्यावर असते.

दुसरं, जामीन. "नुसती सही आहे" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जाच्या कागदाची प्रत मागून घ्या. ती देणं आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगणं हे रिझर्व्ह बँकेने फायनान्स कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. हप्ता थकला तरी दांडगाई करून गाडी ओढून नेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली प्रकाश कौर यांच्या खटल्यात बँकेला तसं बजावलं आहे.

तिसरं, घरचा हिशेब. हंगाम चार-पाच महिन्यांचा, हप्ते बारा महिन्यांचे. उरलेल्या महिन्यांत गाडी कोणत्या ट्रान्सपोर्टला लावणार, परतीचं भाडं मिळणार का? टायर, विमा, परमिट यांचे पैसे कुठून? गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर पासिंग दरवर्षी करावं लागतं. ट्रान्सपोर्टवाला भाड्यातून आयकर कापत असेल, तर दहा किंवा कमी गाड्यांच्या मालकाने पॅन आणि लेखी निवेदन दिल्यावर तो कापायचा नसतो, हेही माहीत असू द्या. वजनाच्या पावत्या तुम्ही सांभाळा आणि पंधरवड्याच्या बिलाशी ताडून पाहा. ड्रायव्हर-क्लीनरचा डबा तुम्ही करता, रात्री-अपरात्री उठून चहा ठेवता. ही गाडी तुमच्याही कष्टावर चालते, मग तिचा हिशेब तुमच्यापासून लांब का?

शेवटी एक अवघड गोष्ट बोलते. मुकादम पळाला की गाडीवाले टोळीच्या गावी जातात. तिथे दारात उभी असते तुमच्यासारखीच एक बाई. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या अंगावर, पैसा मात्र पुरुषाच्या हातात. तिनेही न वाचता अंगठा दिलेला असतो, किंवा तिला कोणी विचारलेलंच नसतं. आपली वसुली तिच्या भांड्याकुंड्यांवर नको. पैसे कोणाला दिले त्याचा लेखी करार, सह्या आणि साक्षीदार आधीच असतील तर ती वेळ येत नाही.

मी भेटले ती बाई आज स्वतः हिशेब ठेवते. कर्ज फिटलेलं नाही, पण तिला विचारल्याशिवाय घरात आता कोणताही कागद होत नाही. तुम्हीही एवढंच करा. कागद आला की म्हणा, "आज ठेवून जा, उद्या सही करते." रात्री तो गटात आणा, मोठ्याने वाचा. कळलं नाही तर आम्हाला बोलवा. एक दिवस थांबल्याने गाडी कुठे पळून जात नाही.