लोणारचे पाणी खारेच बरे

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. कमळजा देवीच्या दर्शनाला आपण जातोच. आकाशातून मोठा दगड, म्हणजे अशनी, काळ्या खडकावर आदळला आणि हा खळगा झाला. त्याची रुंदी सुमारे पावणेदोन किलोमीटर आहे. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून ते खारे.

हे पाणी मेलेले आहे, असे कुणी म्हणतात. ते खरे नव्हे. त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव राहतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला होता. खारात वाढणारे जीव फार झाले होते. त्यांचाच तो रंग!

आता बिघाड कुठे आहे ते पाहा. गाव अगदी काठावर. गावाचे सांडपाणी ओढ्यावाटे वर्षानुवर्षे आत उतरले. त्याने घाण तर होतेच, पण पाणी गोडेही होते. खारात जगणाऱ्या जिवांना ते सोसत नाही. हा प्रश्न मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.

दुसरा बिघाड हिरवा आहे. तो म्हणजे वेडी बाभूळ. दुरून वाटते, काय छान जंगल! पण हे झाड मूळचे अमेरिकेकडचे. शेळ्या शेंगा खातात आणि लेंडीतून बी पसरते. तिच्या दाटीत आपला कडुनिंब, बेल वर येत नाही. वरून तोडली तर बुडख्यातून पुन्हा फुटते. मुळासकट खोदूनच काढावी लागते. वनखात्याने ते काम हाती घेतले. मात्र तिच्या सरपणावर कितीक घरची चूल पेटते, हेही विसरू नका. बाभूळ काढायची तर त्या बाईच्या जळणाची सोय आधी पाहावी.

सन २००० मध्ये इथे अभयारण्य झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारचे नाव जगातल्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. पाट्या लागल्या. पण सांडपाण्याला काही पाटी वाचता येत नाही!

काहीजण म्हणतात, सांडपाणी शुद्ध करून आत सोडा. मला हे पटत नाही. शुद्ध झाले तरी ते गोडेच ना? ते वरच्या शेतांना द्यावे. त्याचा खर्च कोण करणार, हे नगरपरिषदेला विचारा. अर्ज लिहायला आता तुम्ही शिकलाच आहात.