मढ्यावरील भुंगेऱ्यांची साक्ष

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक घरांत नाकास पदर लागला असेल, हें मी जाणून आहें. मेलेलें जनावर आणि त्यावर जमणारे किडे हा कांहीं दिवेलागणीच्या वेळीं चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे. परंतु ह्या किड्यांच्या साक्षीवर एखाद्या निरपराध मनुष्याची अब्रू, प्रसंगीं त्याचे प्राणही, अवलंबून असूं शकतात. म्हणून थोडा वेळ घृणा बाजूस सारून माझें म्हणणें ऐकावें, अशी विनंती आहे.

माझा सारा जन्म महाड-पोलादपूरकडच्या डोंगराळ मुलुखांत गेला. तेथें मेलेलें ढोर गांवाबाहेर नेऊन टाकण्याची रीत जुनी आहे. पूर्वीं ढोर पडलें कीं आकाशांत गिधाडें घिरट्या घालूं लागत, आणि पाहतां पाहतां मागें हाडांचा सांपळा तेवढा राही. पुढें डायक्लोफिनॅक नांवाच्या वेदनाशामक औषधानें घात केला. तें औषध दिलेलें गुरूं मेलें आणि गिधाडांनीं त्याचें मांस खाल्लें, कीं त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें देशांत हजारीं एक ह्या प्रमाणांत उरलीं. २००६ सालीं गुरांसाठीं ह्या औषधाचा वापर करण्यास बंदी झाली. महाड तालुक्यांत नाणेमाचीच्या बाजूस गिधाडांचीं घरटीं आढळलीं आहेत, हें सुदैव. तथापि बहुतेक ठिकाणीं मढें आतां दिवसेंदिवस पडून राहतें, आणि कुत्र्या-कावळ्यांच्या जोडीनें त्याची विल्हेवाट किडे लावतात.

हे किडे वाटेल तसे येत नाहींत. आपल्याकडे पंगती उठतात तशा ह्यांच्याही पंगती ठरलेल्या आहेत. पहिली पंगत निळ्या-हिरव्या झळाळीच्या माशांची. त्या कांहीं तासांतच येऊन अंडीं घालतात, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दुसऱ्या दिवशींच अळ्या वळवळूं लागतात. अळ्या दिसल्या कीं त्यांना खाणारे भुंगेरे येतात. त्यांपैकीं एक काळा, गुळगुळीत व टणक असतो. बोट लागतांच पाय पोटाशीं घेऊन तो मेल्याचें सोंग करतो. दुसरा लांबट, आखूड पंखांचा, शेपटाकडील भाग वर उचलून धांवणारा. मांस सरून कातडें सुकूं लागलें, म्हणजे डर्मेस्टिस जातीच्या भुंगेऱ्यांची पाळी येते. त्यांच्या केसाळ अळ्या वाळलेलें कातडें कुरतडून हाडें स्वच्छ करतात. पदार्थसंग्रहालयांतून सांगाडे साफ करण्याच्या कामीं त्यांना मुद्दाम पाळतात. त्यांच्याबरोबर तांबड्या पायांचा, निळसर झांक असलेला नेक्रोबिया येतो. हे दोघेही तुमच्या-आमच्या स्वयंपाकघराला परके नाहींत. सुकट-बोंबलाच्या डब्यांत हे दोन्ही सांपडतात, आणि जुन्या खोबऱ्यांतही नेक्रोबिया असतो. शेवटीं केसांवर आणि पिसांवर निर्वाह करणारा, मातीच्या ढेकळासारखा खरबरीत ट्रॉक्स उरतो.

ह्या क्रमाचा उपयोग न्यायाच्या कामीं करतां येईल, हें फ्रान्समधील मेन्यां ह्या पशुवैद्यानें विस्तारानें मांडलें. १८९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें मढ्यावर येणाऱ्या कीटकांच्या आठ टोळ्या वर्णिल्या. कोणती टोळी आली आहे आणि तिच्या अळ्या किती वाढल्या आहेत, ह्यावरून मृत्यूला किती काळ लोटला याचें अनुमान निघतें.

ह्या अनुमानाची कसोटी लागली ती एका मुंबईकराच्या खटल्यांत. मुंबईस जन्मलेला व तेथेंच वैद्यकी शिकलेला एक पारशी डॉक्टर इंग्लंडांत लँकास्टर येथें बक रक्स्टन ह्या नांवानें व्यवसाय करीत होता. १९३५ च्या सप्टेंबरांत त्याची पत्नी आणि घरांतील दाई दोघीही नाहींशा झाल्या. २९ सप्टेंबर रोजीं स्कॉटलंडांत मॉफटजवळच्या एका ओढ्यांत दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सांपडले. त्यांवरील अळ्या ग्लासगोच्या डॉ. मर्न्स ह्यांनीं तपासल्या आणि त्यांचें वय बारा ते चौदा दिवसांचें ठरविलें. इतर पुराव्याशीं हें जुळलें. रक्स्टन दोषी ठरला व १२ मे १९३६ रोजीं फांशीं गेला.

परंतु माशांचें हें घड्याळ फार दिवस चालत नाहीं. अळ्यांच्या माशा होऊन उडून गेल्या, म्हणजे पुढचा काळ भुंगेऱ्यांनींच मोजावा लागतो. उष्ण हवेंत डर्मेस्टिसची एक पिढी सुमारे पांच ते सात आठवड्यांत पुरी होते. मोजमाप माशांइतकें बिनचूक नसतें. पण अळ्यांच्या टाकलेल्या काती पुष्कळ काळ टिकतात, आणि मृताच्या शरीरांत एखादें विष किंवा औषध असल्यास त्याचा अंश त्या कातींतही सांपडूं शकतो.

आतां मुख्य मुद्दा. फ्रान्समधील कोष्टक पोलादपुरांत चालत नाहीं. किड्यांची वाढ उष्णतेवर अवलंबून असते. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरीं गेलें, कीं हजार मीटरांहून अधिक उंची चढून जातें आणि हवा पार पालटते. एकाच दिवशीं दोन्हीकडे जनावर मेलें, तरी वरचें घड्याळ मागें पडणार. शिवाय खालीं पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. कातडें सुकतच नाहीं, मग सुकें कातडें शोधणारा भुंगेरा वेळेवर यावा कसा?

समजा, गणपतीसाठीं मुंबईहून एक चाकरमानी गांवीं आला. आठवड्यानें रानांत एक प्रेत सांपडलें. मृताशीं त्याचें जुनें भांडण, म्हणून संशय त्याच्यावर. मृत्यू तो येण्यापूर्वींचा कीं नंतरचा, एवढ्याच प्रश्नावर त्याचें सारें आयुष्य टांगलेलें आहे. तेथें परदेशी कोष्टकावरून चार दिवसांची चूक झाली, तर तिचें प्रायश्चित्त कोणीं घ्यावें? म्हणून आपल्या हवेंतील, आपल्या ऋतूंतील आणि आपल्या रानांतील नोंदी आपणच केल्या पाहिजेत. आकुर्डीस भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचें केंद्र आहे. किडे ओळखण्याचें ज्ञान तेथें आहे. गांवोगांवच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं मेलेल्या ढोरावर कोणता किडा कितव्या दिवशीं आला, ऊन किती होतें, पाऊस किती पडला, एवढें जरी वर्षभर टिपून ठेविलें, तरी त्याचें मोल मोठें होईल.

किड्यांची साक्ष मात्र तिच्या मर्यादेंतच घ्यावी. प्रेत गुंडाळलेलें किंवा पुरलेलें असेल, तर किडे उशिरां पोंचतात. ते प्रेतावर केव्हांपासून आहेत, एवढेंच ते सांगतात. मृत्यूची घटका इतर पुराव्यांशीं ताडूनच ठरवावी लागते.

१ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें सात वर्षें किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानें घटनास्थळीं जावें असें ठरविलें आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठीं राज्यांना पांच वर्षांपर्यंत मुदत आहे. तज्ज्ञ जागेवर पोंचेल. पण तो येण्यापूर्वीं कोणीं सद्धेतूनें फिनेल ओतलें, किंवा किडे झाडून काढले, तर साक्षीदार गेलाच म्हणायचा. तेव्हां दुर्दैवानें असा प्रसंग कधीं दृष्टीस पडलाच, तर कशासही हात लावूं नये, आधीं पोलिसांस कळवावें आणि आदल्या दिवसांतील पावसाची व उन्हाची आठवण नीट टिपून ठेवावी.