पियानोखाली दबलेला आवाज



कार्यवाहांनी फोनवर व्याख्यानाचा विषय विचारला. मी 'बीटल्स' म्हणालो, तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर, होमिओपॅथीवर नाही का काही?" होमिओपॅथीवर मी रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात बोलतोच. आज मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. ती सुरू इंग्लंडात होते, पण संपते बेळगावात, शहापुरातल्या आमच्या घरी.

१९८० च्या डिसेंबरात मी कॉलेजच्या वसतिगृहात होतो. खोलीत मडगावचा एक मुलगा होता. त्याच्याजवळ टेपरेकॉर्डर आणि बीटल्सच्या कॅसेटी. मी भजनं आणि नाट्यगीतं ऐकत वाढलेला, त्यामुळे सुरुवातीला मला तो नुसता गलका वाटायचा. ८ तारखेच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये जॉन लेनन यांना त्यांच्या घराच्या दारातच गोळ्या घातल्या गेल्या. बातमी आमच्यापर्यंत पोचली तेव्हा तो मुलगा मेसमध्ये जेवायला आला नाही. एका गाणाऱ्यासाठी कुणी उपाशी राहतो हे मला नवीन होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा ती गाणी लक्ष देऊन ऐकली.

आता बातमी. तुमच्यापैकी जे साठच्या दशकातल्या या संगीताचे चाहते आहेत त्यांना ती ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. २ नोव्हेंबर २०२३ रोजी बीटल्सचं एक 'नवं' गाणं आलं. चौघे १९७० मध्ये वेगळे झाले होते. लेनन १९८० मध्ये गेले, जॉर्ज हॅरिसन २००१ मध्ये कॅन्सरने गेले. तरीही चौघांचं गाणं आलं आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या जागेवर त्यांचं आधीचं गाणं १९६९ मध्ये होतं, म्हणजे मधे ५४ वर्षं गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमीही मिळालं. नाव 'नाऊ अँड देन'. आपल्याकडे कुणीतरी त्याचं 'आता आणि तेव्हा' असं केलेलं मी पाहिलं. खरा अर्थ 'अधूनमधून' असा आहे, आणि तोच जास्त टोचतो.

लेनन यांनी हे गाणं सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात घरीच पियानोवर बसून साध्या कॅसेटवर गायलं होतं. १९९४ मध्ये योको ओनो यांनी त्या कॅसेटी पॉल मॅकार्टनी यांच्याकडे दिल्या. त्यातून 'फ्री ॲज अ बर्ड' आणि 'रिअल लव्ह' ही दोन गाणी त्या वेळी उभी राहिली. तिसरं अडलं. विजेची घरघर आवाजात मिसळलेली, आणि पियानो इतका मोठा की गाणारा त्याच्याखाली दबलेला. घरघर एका ठरावीक पट्टीत असते, अमेरिकेतल्या विजेची साठ हर्ट्झची, आपल्याकडची पन्नासची. ती थोडीफार गाळता येते. पियानोचं तसं नाही. पियानोचे स्वर आणि माणसाचे स्वर एकाच जागेत राहतात, त्यामुळे एकाला कापायला गेलं की दुसऱ्यालाही सुरी लागते. हॅरिसन यांना तो दर्जा पसंत नव्हता. त्यांची काही गिटार ध्वनिमुद्रित झाली आणि काम थांबलं.

ते पुढे सरकलं २०२१ च्या सुमाराला. पीटर जॅक्सन यांना 'गेट बॅक' या माहितीपटासाठी १९६९ च्या जानेवारीतले तासन् तास एकपदरी ध्वनिमुद्रण हाताळायचं होतं. गंमत म्हणजे त्या वेळी चित्रीकरण करणाऱ्यांना आपलं खाजगी बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून ही मंडळी बोलताना गिटार मोठ्याने वाजवत ठेवायची. जॅक्सन यांच्या ध्वनिविभागाने संगणकाला शिकवलं की ही गिटार, हा ढोल, हा अमक्याचा गळा. असंख्य नमुने ऐकून यंत्र त्यांना वेगळं करायला शिकलं आणि गिटारीखालचं बोलणं वर आलं. पुढे याच पद्धतीने १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'मधले एकाच पट्टीवर एकत्र चिकटलेले ढोल, बास आणि गिटार सुटे केले गेले. मग पाळी लेनन यांच्या कॅसेटची.

मॅकार्टनी यांनी २०२३ च्या जूनमध्ये रेडिओवर हे सांगितलं आणि एकच गदारोळ झाला. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटल्यावर लोकांना वाटलं, मेलेल्या माणसाचा गळा यंत्राने बनवला. त्यांना खुलासा करावा लागला की काहीही कृत्रिमरीत्या तयार केलेलं नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. जो आवाज फितीवर होता तो वेगळा काढणं एक, आणि जो माणूस कधी गायलाच नाही त्याच्या तोंडी गाणं घालणं दुसरं. पहिल्याला मी उपचार म्हणेन. दुसऱ्याला माझ्या धंद्यात जे नाव आहे ते इथे घेत नाही.

दुसरा आक्षेप असा की चौघे एका खोलीत नव्हते, मग हे बीटल्सचं कसं? लेनन सत्तरच्या दशकातले, हॅरिसन यांची गिटार १९९५ ची, मॅकार्टनी आणि रिंगो स्टार आत्ताचे. पण हॅरिसन यांचं 'दि इनर लाइट' आठवा. त्याची साथ १९६८ च्या जानेवारीत आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, भारतीय वादकांनी केली. पुढच्या महिन्यात लंडनच्या ॲबी रोडवर त्यावर गळा चढला. खोली एक नव्हती, देशही एक नव्हता. ते बीटल्सचं नाही असं तेव्हा कुणी म्हटलं नाही.

माझी खरी कुरकुर वेगळीच आहे. लेनन यांच्या मूळ गाण्यात मधे एक भाग होता, तो नव्या गाण्यातून काढून टाकला. त्याऐवजी तंतुवाद्यं आली, आणि जुन्या बीटल्स गाण्यांतले कोरसचे आवाज उचलून मागे जोडले गेले. गाणं नेटकं झालं. पण मूळ कॅसेटचं ध्वनिमुद्रण ऐकलेल्याला त्या जागी पाऊल अडखळल्यासारखं होतं. आवाज स्वच्छ करणं आणि गाणं नीट करणं यांतली रेघ कोणी मारायची? मारणारे त्यांचे मित्र होते, त्यांचा हक्क मोठा. तरी मारली गेलीच.

हे मी तटस्थपणे बोलतोय असं समजू नका. आमच्या घरी एक कॅसेट आहे. १९८३ च्या दशलक्षण पर्वातली. अण्णा हार्मोनियमवर पदं म्हणत आहेत, आणि टेपरेकॉर्डर माझ्या थोरल्या भावाने कपाटावर ठेवलेला. हार्मोनियम जवळ, अण्णा लांब. म्हणजे आमचाही पियानो आणि आमचाही दबलेला गळा, फक्त घरघर पन्नासची. अण्णांना जाऊन २२ वर्षं झाली.

गेल्या वर्षी मुलाने पुण्याहून ती कॅसेट संगणकावर घेतली. आवाज सुटे करण्याची साधनं आता कुणालाही मिळतात. 'स्प्लीटर' नावाचं एक तर २०१९ पासून फुकट आहे. सुटं करायला एक आणि गोंगाट काढायला दुसरं, अशी दोन वापरून त्याने मला फाईल पाठवली. दवाखाना बंद करून ऐकली. अण्णा शेजारी बसून म्हणत असावेत इतकं स्पष्ट. शब्द ऐकू आले, श्वास ऐकू आला, एका ठिकाणी त्यांचा खोकला ऐकू आला. त्या खोकल्यावर मी तेव्हा काय औषध दिलं असतं, हा विचारही मनात येऊन गेला. सवय.

दुसऱ्यांदा ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कॅसेटच्या मधे एका ठिकाणी स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत असे. "अहो, दिवस मावळायला आला, ताट वाढलंय." अण्णा पद थांबवत नाहीत, मग भांड्याचा आवाज, मग पुन्हा "अहो". वर्षानुवर्षं आम्ही भावंडं ते ऐकून हसत आलो. आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवण नाही, त्यामुळे पर्वातली ती रोजचीच ओढाताण. स्वच्छ केलेल्या फाईलमध्ये ती नव्हती. यंत्राच्या हिशेबाने मुख्य आवाज अण्णांचा, बाकी सगळा गोंगाट. आईला कधी कुणी टेपसमोर बसवलं नाही. तिच्या आवाजाची तेवढीच दोन वाक्यं जगात आहेत.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, काढलेलं सगळं एका वेगळ्या फाईलमध्ये पडतं. ती नुसती कचऱ्याची फाईल आहे, पुसणारच होतो. पाठवू?"

२०२५ च्या नोव्हेंबरात बीटल्सची 'अँथॉलॉजी' नव्याने आली. त्यात 'फ्री ॲज अ बर्ड' आणि 'रिअल लव्ह'मधला लेनन यांचा गळाही याच पद्धतीने वर आणलेला आहे. ऐकला, फार सुंदर आहे. जुनी, धुरकट आवाजाची आवृत्तीही मी टाकलेली नाही.

मुलाने ती फाईल पाठवली. त्यात घरघर आहे, हार्मोनियमचे तुटके सूर आहेत, पंखा आहे. बाविसाव्या मिनिटाला आई अण्णांना जेवायला बोलावते.