चुलीचा हिशेब

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी ती अक्षरशः खरी होती. वाडा असो की झोपडी, अन्न शिजत होते ते लाकडावर. आज ही स्थिती बरीच पालटली आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेखाली सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी गॅसजोडण्या देण्यात आल्या. तथापि २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरांपैकी सुमारे एकोणसाठ घरेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरीत असल्याचे दिसून आले. ज्या घरी सिलिंडर आला, तेथेही चूल विझलीच असे नाही. चहा गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांनी करून घेतली आहे. यास्तव चूल कशी असावी, हा प्रश्न अजूनही लक्षावधी घरांतील रोजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा आरंभ एका साध्या हिशेबाने करता येतो. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ३,८०० किलोकॅलरी उष्णता असते. २५ अंशांवरील एक लिटर पाणी उकळीस आणण्यास ७५ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे सारी उष्णता पाण्यास मिळाली, तर किलोभर लाकडावर पन्नास लिटर पाणी उकळावे. प्रत्यक्षात तीन दगडांच्या उघड्या चुलीवर या उष्णतेचा पुष्कळदा दहावा हिस्साच भांड्यापर्यंत पोहोचतो. पाच लिटर पाणी उकळते आणि पंचेचाळीस लिटरांची उष्णता वाऱ्यावर जाते. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन कोसभर चालत येणाऱ्या बाईचे किती श्रम फुकट जातात, ते या आकड्यावरून ध्यानी येईल.

ही उष्णता दोन वाटांनी निसटते. पहिली वाट धुराची. लाकूड तापले की प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन जाते; मग लाकडाचे विघटन होऊन त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूप होतो. या वायूंना पुरेशी हवा आणि पुरेसे तापमान मिळाले, तर त्यांची ज्योत होते. न मिळाले, तर त्यांचा धूर होतो. धूर म्हणजे न जळलेले लाकूडच होय. फुंकणीने फुंकर घालताच धूर कमी होऊन जाळ उठतो, याचे कारण हेच.

दुसरी वाट भांड्याच्या बाजूची. जाळ उत्तम पेटला, तरी तापलेले वायू भांड्याला ओझरता स्पर्श करून निघून गेले, तर अन्नाला त्याचा लाभ थोडाच होतो. जुन्या गृहिणींना हे ठाऊक होते. चुलीच्या शेजारी वैल असे. मुख्य भांड्याखालून गेलेली ऊब तेथे आमटी गरम ठेवी. तांब्याचा बंब तर या तत्त्वाचा सुंदर नमुना होय. मध्ये जाळाची उभी नळी आणि तिच्या भोवती पाणी. वर जाणाऱ्या उष्ण वायूला पाण्याच्या सान्निध्यातूनच जावे लागते. पूर्ण ज्वलन आणि भांड्याशी निकटचा स्पर्श, या दोन गोष्टी साधणे म्हणजेच चूल सुधारणे.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य चाले. तेथून १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरांवर एक छोटे पुस्तक लिहिले. झाकलेला जाळ, एकापुढे एक ठेवलेली भांडी आणि शेवटी धुराडे, ही त्यांच्या चुलीची रचना. स्त्रीचे डोळे आणि तिची फुप्फुसे हा अभियंत्याच्या चिंतेचा विषय झाला, हे या प्रयत्नांचे मोठे श्रेय होय. ती चिंता अनाठायी नव्हती. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

पुढे १९८३ मध्ये केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये थांबला, तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या होत्या. संख्या डोळे दिपविणारी होती. परंतु बसविलेली चूल आणि पेटलेली चूल यांत फार अंतर पडले. कोठे धुराडे काजळीने तुंबले, कोठे ते पावसात ढासळले, तर कोठे चूल घरातल्या भांड्याच्या मापाची निघाली नाही. शिवाय जाड मातीच्या भिंती पुष्कळ उष्णता स्वतःच पिऊन टाकतात. अशा काही ‘सुधारित’ चुली उघड्या चुलीहूनही अधिक लाकूड खातात, असे मोजमापांत आढळले.

याहून सूक्ष्म अडचण भाकरीची होती. भाकरी तव्यावर भाजून झाली की ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करावी लागते. तेव्हाच ती टम्म फुगते. निखारे बंद पोटात कोंडणाऱ्या चुलीत ही सोय राहत नाही. मग घरातील बाई विळ्याच्या टोकाने चुलीचे तोंड मोठे करते आणि प्रयोगशाळेत साधलेला सारा हिशेब तिथल्या तिथे मोडतो. यात तिचे अज्ञान शोधणे अन्यायाचे होईल. घरच्यांना वेळेवर भाकरी देणे हे तिचे काम आहे आणि त्या कामात अडसर ठरणारी चूल तिने दुरुस्त केली, एवढेच.

ओडिशात सुमारे अडीच हजार घरांची काही वर्षे पाहणी करण्यात आली. तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रथम प्रसिद्ध झाला. नव्या चुलींमुळे पहिल्या वर्षी घरातील धूर कमी झाला. पुढे दुरुस्ती आणि वापर या दोहोंत ढिलाई आली, आणि आरोग्यावर टिकाऊ परिणाम दिसला नाही. चूल बांधण्याचा खर्च धरला जातो, तिच्या रोजच्या देखभालीचे श्रम मात्र कोणाच्याच खात्यावर पडत नाहीत, हा या साऱ्या इतिहासाचा बोध आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात लॅरी विनियार्स्की यांनी एका चुलीची तत्त्वे मांडली. ती ‘रॉकेट चूल’ या नावाने ओळखली जाते. काटकोनात वळलेला एक मार्ग, त्याचे आडवे तोंड सरपणासाठी आणि उभा भाग जाळासाठी. सरपण एका पत्र्यावर टेकलेले असते आणि हवा त्या पत्र्याखालून येते. उभ्या मार्गाच्या भोवती उष्णता अडवून धरणारा हलका थर असतो. चाळलेली कोरडी राखही तेथे उत्तम काम देते. मार्ग तापतो, ओढ निर्माण होते, आणि धूर भांड्यापर्यंत जाण्याआधीच जळतो. भांड्याभोवती बोटभर अंतर सोडून पत्र्याचे कडे बसविले, तर वायू भांड्याच्या अंगालगत वर जातात, जसे ते बंबात जातात. आज आपल्याकडील मानकानुसार पंख्याविना चालणाऱ्या चुलीने निदान शेकडा २५ आणि पंख्याच्या चुलीने शेकडा ३५ उष्णता भांड्यास दिली पाहिजे. शेकडा २५ म्हणजे किलोभर लाकडावर साडेबारा लिटर पाणी.

या चुलीचे मोल संकटकाळी विशेष कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुराने सांगली-कोल्हापूरचा परिसर वेढला, महामार्गावर पाणी चढले आणि वाहतूक कित्येक दिवस खोळंबली. अशा वेळी सिलिंडर संपला तर दुसरा येत नाही, आणि वीज गेली तर विजेची शेगडीही निरुपयोगी. मात्र पंधरा-वीस विटा, पत्र्याचा एक तुकडा आणि मूठभर काटक्या पुष्कळ ठिकाणी मिळतात. विटांचा सुमारे बारा सेंटिमीटर रुंद, चौकोनी आणि फूटभर उंच असा उभा मार्ग रचावा, खाली एका बाजूस तोंड ठेवावे, त्यात पत्रा आडवा बसवावा आणि वर तीन खड्यांवर भांडे टेकवावे, म्हणजे कामापुरती चूल होते. नदीतील ओले दगड मात्र जाळाजवळ वापरू नयेत. ते तडकून उडतात. तसेच अशी चूल बंद खोलीत कधीही पेटवू नये. धूर दिसला नाही, तरी कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू झोपेतच प्राण घेतो.

तथापि विटा हाताशी असणे पुरेसे नाही. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. पुराच्या दिवशी कोरडे सरपण शोधू गेल्यास मिळणार नाही. ते उन्हाळ्यात बारीक फोडून, आडोशाला उंचावर रचून ठेवलेले असले पाहिजे. फोडण्याचे हे श्रमही घरातील एकाच व्यक्तीच्या वाट्याला येऊ नयेत. आणि जी चूल वर्षभरात एकदाही पेटविली नाही, ती भर पावसात, भुकेल्या मुलांसमोर, पहिल्या काडीला पेटेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

म्हणून घरातील सर्वांनी एखाद्या रिकाम्या दुपारी अंगणात हा प्रयोग करून पाहावा. सरपणाच्या दोन सारख्या वजनाच्या जुड्या घ्याव्यात, दोन भांड्यांत सारखे पाणी घ्यावे. एक जुनी चूल आणि एक नवी पेटवावी आणि पाणी उकळल्यावर कोणत्या जुडीतले किती लाकूड उरले ते तोलून पाहावे. त्यानंतर नव्या चुलीवर भाकरी करून पाहावी. चूल ठेवावी की मोडावी, याचा निर्णय तराजूवर आणि भाकरी करणारीच्या मतावर सोपवावा. ज्या घरी हे दोन्ही कौल जुळतील, त्या घरी ती चूल रोजही चालेल आणि अडचणीच्या दिवशीही पेटेल.