कोवळ्या मनाला अभयदान
(पालक मेळाव्यातील व्याख्यान)



मुलाला ताप आला की सारे घर जागे होते. तेच मूल महिनाभर गप्प राहिले, तर ‘वयच तसे आहे’ एवढे म्हणून विषय मिटविला जातो. बालवयात नैराश्य येत नाही, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यकशास्त्रातही प्रचलित होती. आज ती टिकलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ या वयोगटात दर सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो आणि नैराश्य हा त्यांपैकी एक प्रमुख विकार होय. २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली व त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक होता. अशा प्रत्येक घटनेमागे नैराश्यच असते असे नाही. तरीही हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा खचितच नाही.

मोठ्यांचे नैराश्य उदासपणाने ओळखू येते. मुलांचे नैराश्य पुष्कळदा चिडचिडेपणाच्या रूपाने प्रकट होते. वारंवार पोट वा डोके दुखणे, शाळा नकोशी होणे, झोप बिघडणे, आवडत्या खेळातून मन उडणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर त्यांची गंभीर दखल घ्यावी. पर्युषणपर्वात एखादी मुलगी ओळीने उपवास करते, तिची अनुमोदना जरूर व्हावी. परंतु पर्व सरल्यावरही तिचे अन्नावर मन नसेल, तर ती तपश्चर्या नव्हे, हे आईने ओळखावे.

हा विकार कोणाला जडण्याचा संभव अधिक? आई किंवा वडील नैराश्याने ग्रस्त असतील, तर मुलांमधील धोका सुमारे दोन ते चार पटींनी वाढतो. यौवनारंभानंतर मुलींमधील प्रमाण मुलांच्या जवळजवळ दुप्पट होते. दमा, मधुमेह, अपस्मार यांसारखे दीर्घ आजार, वाचन-लेखनातील अक्षमता, आईवडिलांचे सततचे कलह, जवळच्या व्यक्तीचा वियोग, शाळेतील छळ, शारीरिक वा लैंगिक अत्याचार आणि अपुरी झोप हेही धोक्याचे घटक होत. यांतील एखादा घटक असला म्हणजे आजार होणारच असे नाही. मात्र असे घटक एकत्र आले की कोवळे मन वाकू लागते. वसतिगृहात एकटे राहणारे, वर्गात मागे पडलेले आणि घरी सांगण्याची चोरी असलेले मूल अशा वेळी फार असहाय असते.

आनुवंशिकता कोणाला बदलता येत नाही. घरातील बोलणे मात्र बदलता येते. ‘शेजारच्या मुलाला ९५ टक्के मिळाले, तुला काय कमी केले?’ हे वाक्य प्रेमापोटीच उच्चारले जाते. परंतु ऐकणाऱ्या मुलाला आपली किंमत गुणपत्रिकेएवढीच वाटू लागते. समाजात दरवर्षी गुणवंतांचे सत्कार होतात, ते व्हावेतच. त्याच सभागृहात मागच्या रांगेत ५० टक्के मिळविलेला एक मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. त्याच्या पाठीवर हात कोण ठेवणार? ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या प्रश्नाचे उत्तर शोधले जावे.

दुसरा अडसर लोकलज्जेचा. ‘उद्या सोयरिकीत अडचण येईल’ या भीतीने मुलीचा आजार लपविला जातो. कोणी ‘कर्मोदय’ म्हणून हात जोडतो, तर कोणी श्रद्धेची उणीव म्हणून त्या मुलीलाच बोल लावतो. कर्मसिद्धांताने पुरुषार्थ नाकारलेला नाही. मोडलेल्या हाडावर इलाज करताना कोणी कर्माचे नाव पुढे करीत नाही. मनाच्या आजाराला तरी वेगळा न्याय का? समुपदेशनाने, तसेच आवश्यक तेथे औषधांनी, हा आजार बरा होऊ शकतो. स्वाध्याय व सामायिक यांचा आधार मोलाचा खराच; तो उपचाराच्या जोडीने असावा. मुलाच्या तोंडी जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा आली, तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली. समाजातील पालक मुलांना आहार भरभरून देतात, ज्ञानासाठी कर्जही काढतात. औषधदान लोकलज्जेपायी मागे पडते आणि अभयदान तर प्राणिमात्रांना देताना घरातील मुलाला द्यायचे राहूनच जाते. ‘नापास झालास तरी हे घर तुझेच आहे’ एवढे शब्द परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाच्या कानी पडले, तरी त्या घरात अभयदान घडले असे समजावे.

जय जिनेंद्र.